वार सांगा, तारीख सांगा

मोघेकाकांनी आणून दिलेलं आमंत्रण नुसतं घेऊन चालत नाही. ते त्यांच्यादेखत, दारात उभं राहून, मोठ्याने वाचून दाखवावं लागतं.

पुण्याच्या धायरीतल्या या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ, गॅसवर दूध, आणि दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ. हातात पतंगाच्या आकाराचा कागद. मी तो घेतला आणि म्हटलं, "वाचते हं नंतर."

"नंतर कोणी वाचत नाही," ते म्हणाले. "आत्ता वाचा."

मी वाचला.

"कळलं काय, ते सांगा."

"तिसऱ्या मजल्यावरच्या अद्वैतचा वाढदिवस आहे."

"वार सांगा."

"शनिवार."

"तारीख सांगा."

तारीख सांगेपर्यंत दूध उतू गेलं. त्याचा वास त्यांनाही आला असणार, पण "वेळ?" हे त्यांनी विचारलंच. मी "पाच" म्हटल्यावर "पाच म्हणजे पाच" असं बजावून ते समोरच्या दाराकडे वळले. समोरचे लोक जुने असल्यामुळे त्यांनी दार उघडल्याउघडल्या वाचायला सुरुवात केली.

मोघेकाका पाटबंधारे खात्यात आरेखक होते. जन्मभर धरणं, कालवे आणि त्यांचे दरवाजे कागदावर काढले. निवृत्त झाल्यावर माणसं हास्यक्लबात जातात, नाहीतर वर्तमानपत्राच्या संपादकाला पत्रं लिहितात. काकांनी इमारतीतल्या मुलांचे वाढदिवस करायला घेतले. पैसे घेत नाहीत. घेतले तर लोकांचं ऐकावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. न घेता ते लोकांना ऐकवतात.

त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी मुलाची मुलाखत. ती चालू असताना आईवडिलांनी गॅलरीत जाऊन उभं राहायचं. काका मुलासमोर जमिनीवर मांडी घालून बसतात, पेन्सिलीला टोक करतात आणि विचारतात, "तू दिवसभर काय बघतोस?" काय आवडतं असं विचारत नाहीत. आवडतं म्हटलं की मुलं जाहिरातीत बघितलेलं सांगतात, असा त्यांचा अनुभव आहे.

माझ्या ईशानची मुलाखत झाली तेव्हा तो सहा वर्षांचा होत होता. मला खात्री होती की अंतराळ निघणार. गादीवर ग्रह, भिंतीवर रॉकेटं, मी सगळ्यांना तसं सांगूनही ठेवलं होतं. गॅलरीतून आम्हाला आत बोलावून काकांनी निकाल दिला, "पाण्याचा टँकर."

"काय?"

"तुमच्या मुलाला उन्हाळ्यात रोज सकाळी टँकर बघायला मिळतो. पाईप कसा लावतात, झडप कुठल्या बाजूला फिरवतात, सगळं त्याला पाठ आहे. अंतराळात तो कधी गेलेला नाही."

खडकवासल्याचं धरण हाकेच्या अंतरावर असूनही आमच्याकडे पाणी चाकांवर येतं, हे धायरीत कोणाला सांगायला नको. पण ते वाढदिवसाला मांडायचं म्हणजे मला जरा कमीपणाच वाटला. काकांनी बिस्किटांच्या खोक्यांचा टँकर केला, त्याला खरी तोटी बसवली आणि आत कोकम सरबत भरलं. आमंत्रण सोसायटीच्या सूचनेसारखं होतं. 'रविवारी पाच वाजता पाणी सोडण्यात येईल. आपापली भांडी आणावीत. रांगेत भांडणे करावयाची असल्यास ती प्रेमाने करावीत.' मुलं तांबे, किटल्या घेऊन आली, एक जण तर कुकरचं भांडं घेऊन आला. ईशान तोटीपाशी उभा राहून सगळ्यांना ओरडत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद कुठल्याही ग्रहावर मिळाला नसता, हे मला मान्य करावं लागलं.

काकांच्या तोंडची सगळ्यात जहाल शिवी म्हणजे "हे दुकानात मिळतं." एखाद्या घरी ते चकचकीत फुगे, छापील पताका बघतात, चष्मा वर करतात आणि शांतपणे एवढंच म्हणतात. यजमान उगाच खजील होतो. चौथ्या मजल्यावरच्या नेहाने मुलाच्या, विहानच्या, वाढदिवसाला सोनेरी फुग्यांची कमान आणली होती, तिलाही ते हेच म्हणाले. नेहा आयटीतली, दिवसभर मीटिंगा, तिला कागद चिकटवायची खळ शिजवायला वेळ कुठला. तिने वर्षभर काकांशी लिफ्टमध्येसुद्धा बोलणं टाकलं.

मोघेकाकू मात्र या सगळ्याकडे थंड डोक्याने बघतात. "आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असतं," असं त्या सांगतात. खळ त्याच शिजवून देतात.

आणखी एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात यायला बरेच वाढदिवस जावे लागले. काका पार्टीत कधी आत येत नाहीत. आठवडाभर राबतात, सकाळपासून शिडीवर असतात, आणि पाचला दहा कमी असताना बाहेर जाऊन जिन्यापाशी उभे राहतात. मुलं येतात, चपला भिरकावतात, आत पळतात. काका वाकून त्या चपला जोडीने लावतात. एक ओळ भरली की दुसरी. आत गाणं होतं, केक कापला जातो, कोणीतरी बशी बाहेर नेऊन देतं. मी एकदा विचारलं, "काका, आत का नाही येत?" तर म्हणाले, "चपला जातात हल्ली." मुलांच्या त्या इवल्या चपला पळवून कोण काय करणार होतं, देव जाणे. पण पुण्यात एखाद्याने कारण दिलं की ते स्वीकारायचं असतं.

गेल्या वर्षी पहिल्या मजल्यावर वानखेडे राहायला आले. यवतमाळकडचे. नवरा कंपनीत, बायको घरी, आणि पूर्वा नावाची मुलगी, सहा संपून सातवं लागणार होतं. पहिल्याच संध्याकाळी ती खाली खेळायला गेली आणि मुलांना म्हणाली, "तुम्ही काय खेळून राहिले?" मुलं हसली. आठवडाभर जो तो दुसऱ्याला "काय जेवून राहिले," "काय झोपून राहिले" करत होता. माझा ईशानही त्यात होता, त्याला मी दोनदा रागावले. मुलं लवकरच विसरली. पूर्वाने मात्र खाली बोलणंच बंद केलं. ती यायची, पार्किंगच्या कडेला उकिडवी बसून जमिनीकडे बघत राहायची आणि दिवे लागले की वर जायची.

तिचा वाढदिवस जवळ आला तशी तिची आई माझ्याकडे आली. "ताई, मोघेकाकांले सांगता का जी? मीच गेली असती, पण ते सगळ्यांसमोर वाचायला लावतात म्हणे." मी काकांना घेऊन गेले. वानखेडेवहिनी आणि मी शिरस्त्याप्रमाणे गॅलरीत उभ्या राहिलो, पण कान आत होते.

"मले नाही पाहिजे वाढदिवस," पूर्वा म्हणाली.

"का?"

"कोणी आलंच नाही तं?"

एरवी काकांचा पुढचा प्रश्न तयार असतो. मी डोकावून बघितलं. काका पेन्सिलीला टोक करत होते, आणि टोक आधीच झालेलं होतं.

शेवटी ते म्हणाले, "तू दिवसभर काय बघतेस?"

"मुंग्या."

मग ती बोलायला लागली. पार्किंगमधल्या लाल, त्या चावतात. मीटरच्या खोलीमागच्या काळ्या, त्या चावत नाहीत. गच्चीवर टाकीपाशी मोठे मुंगळे आहेत. "त्या सरळ नाही जात. आणि समोरून दुसरी भेटली की थांबतात. डोकं लावतात, मग जातात. कोणीच तशी पुढे नाही जात."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

वहिनींनी पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. मी बाहेर रस्त्याकडे बघत राहिले.

अडचण अशी होती की त्याच रविवारी, त्याच वेळी, नेहाच्या विहानचा वाढदिवस होता. सिंहगड रोडवरचा हॉल, उड्या मारायचं हवेचं घर, जादूगार. इमारतीतली झाडून सगळी मुलं तिकडे जाणार, आणि कोणाला दोष तरी कसा द्यायचा. मी म्हटलं, "काका, पूर्वाचा शनिवारी करू या."

"तिचा रविवारी आहे," काका म्हणाले. "मला चौथ्या मजल्यावर जायला सोबत करा."

नेहाने दार उघडलं आणि काकांना बघून ती माझ्याकडेच बघत बोलायला लागली. काकांनी प्रस्तावना केली नाही. "तुमचं साडेसहाला सुरू करता येईल का? पाच ते सहा या वेळात मुलं मला द्या. मग सगळी तुमच्याकडे पाठवतो. ती मुलगी नवीन आहे."

"हॉल पाचपासून बुक आहे काका. आणि डेकोरेशनवाल्याने ऐन वेळी नाही म्हणून कळवलंय, मी आधीच टेन्शनमध्ये आहे."

"सजावट मी करतो."

"माझ्याकडे फुगेच आहेत," नेहा म्हणाली. तिच्या आवाजात वर्षभराचा हिशेब होता. "तेच. दुकानात मिळतात ते."

"ते लावतो," काका म्हणाले. आणि त्यांनी हात जोडले. मोघेकाकांना मी कोणापुढे हात जोडताना बघितलं नव्हतं, गणपतीच्या आरतीतही ते झांजा वाजवण्यात गर्क असतात. नेहा एकदम ओशाळली. "अहो काका, हात काय जोडताय," असं म्हणून तिने वेळ बदलली.

पुढच्या आठवड्यात आमच्या इमारतीत मुंग्या निघाल्या. काळ्या कागदाच्या, बोटभर लांबीच्या, खळीने चिकटवलेल्या. सोमवारी सकाळी प्रत्येक मुलाच्या दारातून एकेक फाटा निघून जिन्यातल्या मोठ्या रांगेला मिळाला होता. मंगळवारी रांग गच्चीकडे सरकली. बुधवारी टाकीला वळसा घालून दुसऱ्या जिन्याने खाली. मुलं शाळेतून आली की दप्तरं टाकून आधी मुंग्या कुठवर गेल्या ते बघायची. काकांना विचारलं की ते म्हणायचे, "त्यांना विचारा." सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली, 'जिन्यात कागद चिकटवू नयेत.' दुसऱ्या दिवशी त्या सूचनेखाली चष्मा लावून ती वाचणारी एक मुंगी होती. सेक्रेटरी चिडले, पण मुंगी त्यांनी काढली नाही. ती त्यांच्यासारखीच दिसत होती.

रांग कुठे वळवायची हे पूर्वा ठरवत होती. काकांनी एकदा सरळ नेली तर तिने ती उखडायला लावली.

मग आमंत्रणं आली, साखरेच्या खड्याएवढी घडी घातलेली. 'मुंग्या कुठे चालल्या आहेत हे रविवारी पाच वाजता कळेल. आपापल्या दारातून निघावे. रांग सोडू नये. वाटेत दुसरी मुंगी भेटल्यास थांबून, डोक्याला डोके लावून विचारपूस करावी. येताना एक दाणा आणावा, अन्य भेटवस्तू आणू नयेत.' आणि खाली वार आणि तारीख, मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरात. काकांनी ती घरोघर वाचून घेतली. काही घरी दोनदा.

रविवारी सकाळी काका हॉलवर जाऊन नेहाचे सोनेरी फुगे लावून आले. मी बरोबर होते. विहानच्या नावाची इंग्रजी अक्षरं त्यांनी दोरीने, ओळंबा धरून एका रेषेत टांगली. शिडीवरून एवढंच म्हणाले, "सरळ लागलंय का, ते सांगा." नेहा म्हणाली, सरळ आहे.

पाचला दहा कमी असताना ते पूर्वाच्या दाराबाहेर उभे राहिले.

आत भिंतीवर तपकिरी कागदाचं वारूळ होतं, छताला भिडलेलं. ताटात रव्याचे लाडू आणि वहिनींनी केलेली सांबारवडी. कोथिंबिरीला त्यांच्याकडे सांबार म्हणतात. पूर्वा खुर्चीवर बसली होती, डोक्याला खराट्याच्या काड्यांच्या दोन मिशा असलेली टोपी, नजर दारावर. तशाच टोप्या ढिगाने टीपॉयवर ठेवल्या होत्या.

पाच वाजले. कोणी आलं नाही. काही मिनिटं आम्ही मोठ्या माणसांनी उगाच एकमेकांशी हसून काढली. मग ते हसूही संपलं. वानखेडेंनी घड्याळ बघितलं आणि पूर्वाने ते बघितलेलं बघितलं. मी ईशानला घरातून निघताना पाहिलं होतं, तो कुठे गेला ते कळेना. मी जिन्यात आले.

काका वाकलेले होते. तिथे माझी आणि काकूंची अशा दोनच जोड्या होत्या. त्यांनी त्या सरळ केल्या, उभे राहिले, आणि परत वाकून सरळ केल्या.

"काका, मी वर जाऊन बघून येऊ का?"

काकूंनी माझा दंड धरून मला दाराच्या आत घेतलं. "त्यांना आत्ता काही विचारू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. आणि मग, बाहेर ऐकू जाणार नाही इतपत, त्यांनी सांगितलं.

"आमचा निखिल पाच वर्षांचा झाला तेव्हा आम्ही धरणावरच्या वसाहतीत होतो. बदली होऊन महिनाही झाला नव्हता. यांनी पुठ्ठ्याचं धरण केलं, उघडमीट होणारे दरवाजे लावले. वसाहतीतल्या सगळ्या मुलांसाठी टोप्या. आमंत्रणं हाताने लिहिली, काय अक्षर होतं म्हणून सांगू. आमच्या सासऱ्यांकडे वाढदिवस तिथीने करायची पद्धत. यांनी कौतुकाने तिथी लिहिली. आश्विन वद्य तृतीया, सायंकाळी पाच. आणि तारीख घातलीच नाही."

"मग?"

"मग काय. तिथे देशभरातून आलेली माणसं. कोणाला वाटलं पूजा आहे, कोणाला वाटलं होऊन गेली. सगळ्यांनी अक्षराचं कौतुक केलं आणि कागद ठेवून दिला. लोक वाईट नव्हते हो. निखिल टोपी घालून फाटकात उभा होता, दिवेलागण झाली तरी."



"गंमत सांगू?" काकू म्हणाल्या. "निखिलला त्यातलं काही आठवत नाही. सगळ्या टोप्या त्याला एकट्याला मिळाल्या, तेवढं आठवतं. तो म्हणतो, मजा आली होती. यांना मी कितीदा सांगितलं. हे ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी दारात जाऊन वार सांगा म्हणतात."

मला त्या उतू गेलेल्या दुधाची आठवण झाली.

आणि तेवढ्यात खालून कुजबुज ऐकू आली. वरून नव्हे, खालून, पार्किंगच्या बाजूने. कोणीतरी ढकललं, कोणीतरी "रांग सोडू नको" म्हणालं. मी बाहेर येऊन कठड्यावरून वाकून बघितलं. मुलं एकामागे एक जिना चढत होती, नजर पायाशी, कागदाच्या मुंगीमागून कागदाच्या मुंगीकडे. सगळ्यात पुढे विहान होता, वाढदिवसाच्या जरीच्या कुर्त्यात, मूठ घट्ट मिटलेली. त्याच्यामागे ईशान.

"होतात कुठे तुम्ही?" मी विचारलं.

"येतच होतो ना," ईशान म्हणाला. "रांग गच्चीवरून जाते. मग मीटरच्या खोलीमागून. आणि सारखं कोणीतरी भेटतंय, भेटलं की थांबून विचारपूस करायची, असं लिहिलंय. अद्वैतने तर प्रत्येकाला जेवण झालं का विचारलं."

"साडेपाच होत आले," कोणीतरी मागून काकांकडे बघत भीत भीत म्हणालं.

पाच म्हणजे पाच म्हणणारे मोघेकाका भिंतीला टेकून उभे होते. स्वतःच्याच आमंत्रणाने त्यांना अर्धा तास उभं केलं होतं. ते बाजूला सरले आणि एवढंच म्हणाले, "या."

चपला पडायला लागल्या. विहानने मूठ उघडून पूर्वासमोर धरली, आत घामेजलेला शेंगदाणा होता. मागून फुटाणा, साबुदाणा, खडीसाखर, कोणी मक्याचा दाणा. पूर्वा खुर्चीवरून उठली. विहान तिच्या कपाळाला कपाळ लावून थांबला, कारण नियम तसा होता. मग दुसरा, मग तिसरी. प्रत्येक जण थांबला. ती हसायला लागली ती थांबेचना. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी दारातच होते. मागे काका वाकून चपला लावत होते. एक ओळ भरली होती, दुसरीला सुरुवात होती. जोड्या बिनचूक लागत होत्या. आत टोप्या वाटून झाल्या, गोंधळ माजला, आणि त्यातून पूर्वा बाहेर आली. तिच्या हातात एक टोपी शिल्लक होती. ती काकांसमोर उभी राहिली, ते वाकलेले असल्यामुळे दोघांची डोकी सारख्या उंचीवर आली.

"काका," ती खणखणीत आवाजात म्हणाली, सगळी मुलं ऐकत असताना, "तुम्ही बाहेर काय करून राहिले?"

कोणी हसलं नाही. मुलांनाही तेच विचारायचं होतं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. चपला जातात, हे कारण त्यांच्या ओठांवर आलं असावं. पण पूर्वाने कपाळाला कपाळ लावलं आणि ती तशीच थांबून राहिली, उत्तर मिळेपर्यंत पुढे न जाणाऱ्या तिच्या मुंग्यांसारखी. मग तिने त्यांच्या डोक्यावर टोपी घातली आणि हात धरला.

काका आत गेले. दुसऱ्या ओळीतल्या चपला तशाच विस्कटलेल्या राहिल्या. त्या लावायला मी वाकले होते, पण काकू म्हणाल्या, "असू द्या."